कुणाबरोबर खेळतोस?

"अक्का, पीसी नीट चालतोय. पण विंडोज म्हणतंय, हा पुढे चालणार नाही." गेल्या ऑक्टोबरपासून हे वाक्य बेंगळुरूच्या जयनगरातल्या माझ्या पीसी-दुरुस्तीच्या दुकानात कन्नडमधून, हिंदीतून, इंग्रजीतून आणि अधूनमधून मराठीतूनही ऐकू येतं. बोलणारा बहुधा कॉलेजातला असतो, सोबत बाप किंवा आई असते, आणि रिक्षातून आणलेलं कॅबिनेट जुन्या चादरीत गुंडाळलेलं असतं.

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा आधार थांबवला. मशिनं त्या दिवशी बंद पडली नाहीत, फक्त त्यांना सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप मिळणं थांबलं. विंडोज ११ टाकावं तर त्याच्या अटी आहेत. टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय हवी, सिक्युअर बूट हवं, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. माझ्या टेबलावर येणाऱ्या पीसींत फार वेळा आय५-७४०० निघतो, सातव्या पिढीचा. तो जानेवारी २०१७ मध्ये बाजारात आला. आठव्या पिढीचा आय५-८४०० आला त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात. म्हणजे २०१७ च्या दसऱ्याला वडिलांनी हप्त्यावर घेऊन दिलेला पीसी यादीबाहेर, आणि पुढच्या दसऱ्याला शेजारच्यांनी घेतलेला बहुतेक यादीत. सातव्या पिढीच्या बोर्डांच्या बायोसमध्ये टीपीएमची सोय अनेकदा सापडते, ती चालूही करता येते. तरी प्रोसेसरचं नाव यादीत नसतं, त्यामुळे उपयोग होत नाही. अटी चुकवून विंडोज ११ टाकायच्या वाटा आहेत, पण अशा मशिनला पुढे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. हमी नसलेलं काम मी गिऱ्हाइकाला करून देत नाही.

मी कॅबिनेट उघडते. आत जीटीएक्स १०५० टीआय, आठ किंवा सोळा जीबी रॅम, पंख्याच्या पात्यांवर धुळीचा थर. ब्लोअर मारला, प्रोसेसरवरची वाळून गेलेली पेस्ट बदलली, जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली की हेच मशीन चांगलं पळतं. कुठल्याही अर्थाने ते मेलेलं नसतं. नवा पीसी घ्या असं सांगणं माझ्या धंद्याला सोयीचं आहे हे खरं. पण २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत एआयच्या डेटा सेंटरांकडे मेमरी वळली आणि रॅमचे भाव भडकले. एसपी रोडवरच्या संगणक-बाजारात दुकानदार मागच्या आठवड्याचा भाव द्यायला तयार होईनात. मेट्रोने के. आर. मार्केटला उतरून मी तिथे माल आणायला जाते, तेव्हा परतताना पिशवी हलकी आणि बिल जड असतं. अशा दिवसांत एका मध्यमवर्गीय घराला "हा टाका, नवा घ्या" असं सांगायला माझी जीभ रेटत नाही. मग मी सांगते, "याच्यावर लिनक्स टाकून देते. गेमही चालतील." समोरचा पोरगा माझ्याकडे अविश्वासाने बघतो. लिनक्स म्हणजे कॉलेजच्या लॅबमधली काळी खिडकी, एवढीच त्याची ओळख असते.

सात-आठ वर्षांपूर्वी 'गेमही चालतील' हे वाक्य मीही उच्चारलं नसतं. मी मूळची बेळगावची. लिनक्स पहिल्यांदा पाहिलं ते तिथेच, डिप्लोमाला असताना. १९९६ मध्ये पीसीक्वेस्ट मासिकाने अंकासोबत लिनक्सची सीडी द्यायला सुरुवात केली होती. त्यामागे बेंगळुरूचे अतुल चिटणीस होते. इंटरनेट फोनच्या तारेवरून रडतखडत येण्याच्या त्या काळात, शेकडो एमबीची एक अख्खी प्रणाली मासिकाच्या किमतीत आमच्यासारख्यांच्या हातात पडली. त्यातून किती जणांच्या नोकऱ्या उभ्या राहिल्या याचा हिशोब कुणी ठेवला नाही, पण माझी रोजीरोटी त्यातूनच सुरू झाली. पुढे चिटणीसांनी २००१ मध्ये 'लिनक्स बँगलोर' ही परिषद उभी केली. तीच नंतर 'फॉस डॉट इन' झाली आणि २०१२ पर्यंत चालली. ३ जून २०१३ ला ते गेले. या शहरात लिनक्सचं काम करणाऱ्या माझ्या पिढीच्या प्रत्येकावर त्यांचं ऋण आहे, आणि ते नाव मराठी होतं याचा मला बेंगळुरूत राहून जास्तच अभिमान वाटतो.

पण तेव्हा लिनक्सवर खेळायचं काय? 'टक्स रेसर' होता, बर्फावरून घसरत मासे गोळा करणारा पेंग्विन. अमेरिकेतल्या लोकी सॉफ्टवेअर या कंपनीने १९९८ पासून विंडोजचे काही मोठे गेम लिनक्ससाठी नव्याने बांधून विकले. २००२ च्या जानेवारीत ती बंद पडली. गेम एकेक करून नव्याने बांधायचा, त्याची वेगळी किंमत घ्यायची, आणि विकत घेणारे मूठभर, हे गणित बसणारं नव्हतं. त्यामुळे ज्याला खेळायचंय त्याने विंडोज ठेवावं, हे माझं मत पक्कं झालं आणि बरीच वर्षं टिकलं.

ते बदललं कारण कुणीतरी गेम बदलायचा नाद सोडून गेमच्या खालची जमीन बदलली. १९९३ पासून 'वाइन' नावाचा प्रकल्प चालू आहे. त्याचं काम गिऱ्हाइकांना समजावताना मी माझ्या आजोबांच्या कापडदुकानाची गोष्ट सांगते. बेळगावात गिऱ्हाईक मराठीत लुगडं मागायचं, गल्ल्यावरचे आजोबा माळ्यावरच्या पोराला कन्नडमधून सांगायचे आणि लुगडं खाली यायचं. माळ्यावर कुठली भाषा चालते हे गिऱ्हाइकाला कळायची गरज नव्हती. विंडोजचा गेम विंडोजच्या भाषेत मागणी करतो, वाइन ती लिनक्सच्या भाषेत पुढे सांगतं. आत दुसरं खोटं विंडोज चालवावं लागत नाही, म्हणून वेगही फारसा जात नाही. अडचण होती ती चित्र काढण्याच्या मागण्यांची. विंडोजचे गेम ग्राफिक्स कार्डाशी डायरेक्टएक्समधून बोलतात आणि वाइनचं तिथलं भाषांतर फार हळू होतं. २०१६ मध्ये व्हल्कन नावाची सर्वांना खुली अशी नवी ग्राफिक्स-व्यवस्था आली. फिलिप रेबोले नावाच्या प्रोग्रॅमरला 'निअर: ऑटोमेटा' हा एक गेम लिनक्सवर खेळायचा होता. तेवढ्यासाठी त्याने डायरेक्टएक्स ११ च्या मागण्या व्हल्कनमध्ये बदलणारा डीएक्सव्हीके लिहायला घेतला. स्टीम हे गेमांचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने त्याला पाठबळ दिलं, वाइन आणि डीएक्सव्हीके एकत्र बांधले, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये 'प्रोटॉन' म्हणून स्टीमच्याच आत बसवले. खेळणाऱ्याने नेहमीसारखं बटण दाबायचं, बाकी आतल्या आत.

व्हॉल्व्हने हे धर्मादाय म्हणून केलं नाही. २०१२ मध्ये विंडोज ८ येऊ घातलं होतं आणि त्यात मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं दुकान होतं. उद्या विंडोजवर गेम विकायची वाट मायक्रोसॉफ्टच्याच दारातून जायला लागली तर, ही धास्ती व्हॉल्व्हचे गेब न्यूएल यांनी तेव्हाच जाहीरपणे बोलून दाखवली होती. २०१३ मध्ये लिनक्ससाठी स्टीम आलं. २०१५ मध्ये स्टीम मशीन नावाचे पीसी आले आणि पडले. त्या अपयशातून ते शिकले, आणि २०२२ च्या फेब्रुवारीत लिनक्सवर चालणारं, हातात धरून खेळायचं स्टीम डेक बाजारात आलं. भारतात ते अधिकृतपणे विकलं जात नाही. माझ्याकडे दुरुस्तीला येतात ती बाहेरून आणलेली. तरी डेकसाठी झालेल्या कामाचा फायदा माझ्या टेबलावरच्या आय५-७४०० ला पोचतो, कारण त्यातलं बहुतेक सगळं खुलं आहे. स्वार्थातून झालेलं काम असलं तरी मी कृतज्ञ आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये स्टीमवर खेळणाऱ्यांत लिनक्सवाले पहिल्यांदाच शंभरात तीनच्या पुढे गेले. शंभरात तीन म्हणजे काहीच नाही असं कुणी म्हणेल. ज्या दुकानात बरीच वर्षं जवळपास शून्य होतं तिथे तीन दिसले की फरक कळतो.

आता टेबलावरचं काम. मी बहुतेकांना लिनक्स मिंट टाकून देते. खालचा पट्टा, डावीकडचा मेन्यू, घड्याळ उजव्या कोपऱ्यात. आई-वडिलांनाही त्याच मशिनवर बँकेचं काम करता येतं. ज्याला फक्त खेळायचंय त्याला बॅझाइट हे दुसरं लिनक्स देते. त्याचा मूळ भाग सहजासहजी बिघडवता येत नाही, आणि अपडेटने गडबड केली तर मागच्या आवृत्तीवर परत जाता येतं. पण खरी कटकट टाकण्यात नसते, ती नंतर येते, आणि तिच्यासाठी मी हातातली बाकी कामं बाजूला ठेवते.

पहिली कटकट जुन्या डी ड्राइव्हची. पोराने तिथे वर्षानुवर्षं गेम साठवलेले असतात. शंभर-दीडशे जीबी पुन्हा उतरवायचे म्हणजे घरच्या इंटरनेटची परीक्षा, म्हणून जो तो म्हणतो, गेम तिथेच राहू दे. लिनक्सला तो ड्राइव्ह दिसतो, वाचता येतो, लिहिता येतो. गेम मात्र सुरू व्हायच्या आधीच गप्प बसतो. कारण असं की प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी एक छोटा कल्पित सी ड्राइव्ह तयार करतो आणि त्यात विसर्गासारखी दोन टिंबं असलेली नावं वापरतो. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीत फाइलच्या नावात ती टिंबं बसत नाहीत. उपाय सोपा आहे: लिनक्सच्या स्वतःच्या पद्धतीने बांधलेल्या ड्राइव्हवर गेमचं फोल्डर कॉपी करायचं आणि स्टीमला ते तपासायला लावायचं. सगळं पुन्हा उतरवावं लागत नाही. हे माहीत नसल्याने 'लिनक्सवर काही चालत नाही' म्हणत परत गेलेली पोरं मी बरीच पाहिली आहेत, आणि दर वेळी वाटतं की ही एवढी एक गोष्ट त्यांना आधी कुणी सांगायला हवी होती.

दुसरी कटकट घड्याळाची, आणि ती खास आपल्याकडे डोळ्यात भरते. एकाच मशिनवर दोन्ही प्रणाली ठेवल्या की विंडोजमधलं घड्याळ साडेपाच तास मागे पडतं. मदरबोर्डवरच्या घड्याळात लिनक्स ग्रिनिचची वेळ ठेवतं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. लिनक्सला एकदा स्थानिक वेळ पाळायला सांगितलं की प्रश्न मिटतो. हे मी आता टाकतानाच करून देते, नाहीतर दुसऱ्या दिवशी फोन येतो की बॅटरी गेली वाटतं.

तिसरी गोष्ट ग्राफिक्स कार्डाची, आणि तिथे मला गोड बोलता येत नाही. १०५० टीआय ज्या पिढीचं आहे त्या पिढीसाठी एनव्हिडियाच्या ड्रायव्हरची ५८० ही शेवटची मालिका आहे. त्यानंतरच्या ड्रायव्हरांत या कार्डांना जागा नाही. म्हणजे प्रोसेसरवरून विंडोजने जी रेघ ओढली तशीच दुसरी रेघ ड्रायव्हरवरून ओढली गेली आहे, आणि लिनक्स टाकलं म्हणून ती पुसली जात नाही. त्या शेवटच्या मालिकेवरही आज काम चालतं, पुढची काही वर्षं चालेल, पण प्रणाली टाकताना कुठली ड्रायव्हर मालिका लागते हे नीट बघावं लागतं. डायरेक्टएक्स ११ पर्यंतचे गेम या कार्डावर विंडोजच्या जवळपास धावतात. डायरेक्टएक्स १२ च्या गेमांत फ्रेम कमी मिळतात, हे मी पैसे घ्यायच्या आधी सांगते. एएमडीच्या कार्डांचा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यातच असतो, तिथे माझं काम निम्मं होतं.

आणि पहिल्यांदा गेम चालवताना शेडर, म्हणजे चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम, तयार होण्याची पट्टी येते, ती सरकता सरकत नाही. मी सांगते, जाऊन कॉफी पिऊन ये, मशीन अडकलेलं नाही.

हे सगळं जमल्यावर एकट्याने खेळायच्या गेमांचं मोठं जग उघडतं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलेला 'राजी' हा गेम मी दुकानातल्या मशिनवर मुद्दाम ठेवला आहे. २०२० मध्ये तो आला. पीसीवर विंडोजसाठीच बांधलेला, पण प्रोटॉनमधून काहीही खटपट न करता चालतो. राजस्थानी महालांतून धावणारी ती मुलगी पडद्यावर आली की अविश्वासाने बघणारी नजर बदलते. काही जुने गेम तर आजच्या विंडोजपेक्षा लिनक्सवर जास्त गुण्यागोविंदाने चालतात.

इथपर्यंत मला वाटत होतं की काम म्हणजे मशीन, ड्रायव्हर आणि गेमांची यादी. मग एक मुलगा आला. त्याचं सगळं नीट लागलं होतं, फ्रेम चांगल्या मिळत होत्या, आवाज होता, कंट्रोलर चालत होता. काही आठवड्यांनी तो कॅबिनेट घेऊन परत आला आणि म्हणाला, विंडोज परत टाका. मी विचारलं, काय बिघडलं? तो म्हणाला, "काही बिघडलं नाही अक्का. सगळं चालतं. पण मी एकटाच असतो."

त्याचे मित्र रोज रात्री व्हॅलोरंट हा गटाने ऑनलाइन खेळायचा नेमबाजीचा गेम खेळत. व्हॅलोरंट लिनक्सवर चालत नाही, आणि याला प्रोटॉनचा कमकुवतपणा कारण नाही. त्या गेमसोबत व्हॅनगार्ड नावाचा पहारेकरी येतो. तो विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, मशीन सुरू होतानाच जाऊन बसतो. फसवणारे प्रोग्रॅमही तिथपर्यंत पोचतात, म्हणून पहाराही तिथेच हवा, असं गेमवाल्यांचं म्हणणं. लिनक्समध्ये गाभा ज्याचा त्याला बदलता येतो. ज्या मोकळीकीसाठी मी हयातभर या प्रणालीवर जीव लावला, नेमकी तीच या गेमवाल्यांना नको आहे. मशिनचा मालकच गाभा बदलू शकत असेल तर पहारेकऱ्याने विश्वास कुणावर ठेवायचा? एपेक्स लेजंड्स हा असाच गेम आधी लिनक्सवर चालत होता. २०२४ च्या ऑक्टोबरअखेरीस त्याच्या कंपनीने फसवणुकीचं कारण देऊन दार लावून घेतलं. जीटीए ऑनलाइनचंही त्याच वर्षी तसंच झालं. इझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन मोठ्या पहारेकऱ्यांनी २०२१ मध्येच प्रोटॉनला साथ द्यायची तयारी दाखवली होती. पण ती चालू करायची की नाही हे प्रत्येक गेमच्या कंपनीच्या हातात आहे आणि अनेकांनी नाही म्हटलं.

मला गेमवाल्यांचा राग येत नाही. तीन-तीन तास सराव करणाऱ्या पोराला भिंतीपलीकडचं दिसणाऱ्या लबाडाने हरवलं की त्याला होणारा मनस्ताप मी दुकानात ऐकला आहे. पण गाभ्यात बाहेरचा पहारेकरी बसवण्याचा धोकाही खरा आहे. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरची सुमारे ८५ लाख विंडोज मशिनं निळ्या पडद्यावर नेऊन ठेवली. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटावे लागले. ते सॉफ्टवेअर गेमचं नव्हतं, पण बसलं होतं त्याच जागी. माझं मत स्पष्ट आहे: फसवणूक पकडायची जागा गेमचा सर्व्हर आहे, पोराच्या खोलीतल्या मशिनचा गाभा नाही. ते काम अवघड आहे, महाग आहे, म्हणून ते टाळलं जातं. त्याची किंमत जुन्या मशिनवाल्या पोराने का द्यावी?

माझं मत काही असलं तरी तो पोरगा रात्री एकटा होता. त्या दिवसापासून मी आधी मशीन उघडत नाही, आधी विचारते: काय खेळतोस आणि कुणाबरोबर खेळतोस? पहिल्या प्रश्नाचं उत्तर लांबलचक असतं, पंधरा नावं येतात. दुसऱ्याचं उत्तर एका वाक्यात येतं आणि निर्णय बहुतेक वेळा तिथेच होतो.

हा प्रश्न उलट बाजूनेही कामाला येतो. आमचं जयनगर हा १९४८ साली आखून वसवायला घेतलेला भाग. आता इथल्या जुन्या घरांत खाली आई-वडील आणि वरच्या खोलीत परदेशी गेलेल्या मुलाचा पीसी, असं चित्र फार. सातव्या ब्लॉकातले एक निवृत्त गृहस्थ असाच पीसी घेऊन आले. घरी मराठी, मूळचे धारवाडचे, मला अक्का न म्हणता 'ताई' म्हणतात. मी प्रश्न विचारला तेव्हा म्हणाले, "मुलाबरोबर. तो जर्मनीत असतो." मुलगा शाळेत असताना दोघं मिळून एज ऑफ एम्पायर्स २ खेळायचे. त्याची २०१९ ची नवी आवृत्ती मुलाने त्यांच्या नावावर घेऊन ठेवली होती आणि बाप-लेकाला पुन्हा एका बाजूने लढायचं होतं. हा गेम प्रोटॉनवर चालतो, ऑनलाइनही चालतो. मी त्यांना मिंट टाकून दिलं, अक्षरं मोठी करून दिली, मुलाच्या नावाचं संभाषण डेस्कटॉपवर आणून ठेवलं. मराठी टंकनासाठी इन्स्क्रिप्ट ही कळफलकाची मांडणी चालू केली, कारण ते मुलाला मराठीतच लिहितात. जर्मनीत दुपारचे चार वाजतात तेव्हा हिवाळ्यात इथे रात्रीचे साडेआठ झालेले असतात. रविवारी जेवण लवकर उरकून ते बसतात. २०२२ मध्ये आलेल्या जादा भागात या गेममध्ये भारताचे गुर्जर, द्रविड, बंगाली असे वेगवेगळे पक्ष आले. ते द्रविड घेतात आणि मुलगा गुर्जर. मला हे सगळं ते वाटेत भेटले की रस्त्यातच उभं राहून सांगतात. त्यांच्या मशिनच्या प्रोसेसरला कुठल्या यादीत जागा आहे याने त्यांना काही फरक पडत नाही.

पोरांच्या बाबतीत इतकं सरळ नसतं. गेल्या महिन्यात एक मुलगी आली. तिचा आय५-७४०० मोठ्या भावाकडून आलेला. शाळेपासूनचा चौघांचा गट, दोघं इथे जयनगरात, एक मैसुरूला, एक पुण्याला, आणि चौघांचाही गेम व्हॅलोरंट. मी तिला सांगितलं की लिनक्सवर तो मिळणार नाही आणि मी तसं खोटं आश्वासन देणार नाही. तिने दुकानात बसूनच गटाला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. मी एक एसएमपीएस तपासत ऐकत होते. तिने मांडलं ते असं: काउंटर-स्ट्राइक २ लिनक्सवर थेट चालतो, प्रोटॉनही लागत नाही, फुकट आहे, त्याचा पहारेकरी गाभ्यात शिरत नाही. आठवड्यातले काही दिवस आपण तो खेळू. मैसुरूचा लगेच तयार झाला. जयनगरमधला दुसरा म्हणाला, चालेल, पण मला नेम नव्याने शिकावा लागेल. पुण्याचा तयार होईना. त्याने व्हॅलोरंटमध्ये बंदुकांच्या सजावटीवर, म्हणजे स्किनवर, पॉकेटमनी घातला होता आणि त्याची रँक चढत होती. त्याचं म्हणणं मला चूक वाटलं नाही. ज्या वस्तू फक्त एकाच कंपनीच्या सर्व्हरवर असतात त्या सोबत घेऊन कुठे जाता येत नाही, हे त्याला आता कळत होतं.

बराच वेळ वाद झाला. भांडण नव्हतं, पण ती फोन हातात धरून दुकानाबाहेर दोनदा फेऱ्या मारून आली. शेवटी तिने ठरवलं ते मला पटलं. नव्या एसएसडीवर लिनक्स, आणि जुन्या हार्ड डिस्कवर विंडोज १० तसंच. मायक्रोसॉफ्ट खात्यात सेटिंगचा बॅकअप चालू केला तर सुरक्षेच्या दुरुस्त्या आणखी एक वर्ष पैसे न भरता मिळतात. ते मी करून दिलं. पुण्याचा मित्र असेल त्या रात्री विंडोज, बाकीच्या रात्री काउंटर-स्ट्राइक. कॉलेजचं काम, सिनेमे, एकटीने खेळायचे गेम सगळे लिनक्सवर. मी तिला बूट मेन्यूमधून ड्राइव्ह कसा निवडायचा ते दाखवलं, घड्याळ सरळ केलं आणि तिच्याकडून दोनदा करून घेतलं.

विंडोज १० ची ती वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ ला संपते. त्याआधी मैसुरूचा आणि पुण्याचा दोघंही सुट्टीत इथे येणार आहेत, तेव्हा चौघं बसून बघू असं त्यांचं ठरलंय. पुण्याच्या मुलाने तिच्यामार्फत मला विचारून ठेवलंय की त्याच्या लॅपटॉपवर काउंटर-स्ट्राइकला किती फ्रेम मिळतील. मी म्हटलं, लॅपटॉप घेऊन ये, लावून बघू.